कुटुंबात आणखी कुणाला?

मंगळवार, ३ तारीख

ताई,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे न उघडताच टाकून देशील, असं मला अर्धं वाटतंय. उरलेल्या अर्ध्याच्या भरवशावर लिहितेय. पत्ता तुझ्या शाळेतून मिळवला. तिथल्या क्लार्कबाईंना मी गणिताची पुस्तकं विकते असं सांगितलं, त्यांच्यावर डाफरू नकोस. फोन तू उचलत नाहीस हे मला अकरा वर्षांत कळलंय, इतकी काही मी मठ्ठ नाही.

मला काही नकोय. फक्त कळवायचं होतं.

माझ्या मुलीच्या हृदयाला भोक आहे. तू तिला पाहिलेलं नाहीस. सहा वर्षांची आहे, घरात सगळे तिला भिंगरी म्हणतात, कारण एका जागी बसली तर शपथ. हल्ली मात्र बसायला लागली होती. जिना चढताना मध्येच पायरीवर बसायची आणि म्हणायची, "मी इथे दुकान मांडलंय." आम्ही हसायचो. मग शाळेत तपासणीला आलेल्या डॉक्टरीणबाईंनी तिच्या छातीला नळी लावली, पाठीला लावली, पुन्हा छातीला लावली आणि चिठ्ठी दिली. मला वाटलं, उवांची असेल. दोन दिवस न वाचता पर्समध्ये ठेवली होती मी ती चिठ्ठी.

वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्यात आहे भोक. चौदा मिलिमीटर. म्हणजे शर्टाच्या बटणाहून मोठं, कोटाच्या बटणाहून लहान. आता म्हणे छाती उघडत नाहीत. मांडीच्या शिरेतून बारीक नळी घालतात, ती हृदयापर्यंत नेतात आणि तिच्यातून जाळीच्या दोन चकत्या सोडतात. एक भोकाच्या पलीकडे उघडते, एक अलीकडे, मध्ये जोड. मी म्हटलं, "अहो, म्हणजे टिचबटणच की!" डॉक्टर हसले. म्हणाले, आता मी सगळ्या पालकांना असंच सांगणार. टाका नाही, वण नाही, दुसऱ्यातिसऱ्या दिवशी चालत घरी. २४ तारखेला आहे.

वण नाही म्हणाले तेव्हा तुझी आठवण आली. असो.

डॉक्टरांनी घरच्यांच्या आजारांबद्दल विचारलं होतं, ते सगळं सांगून झालंय. तुझ्या लहानपणच्या ऑपरेशनचे कागद असले तर झेरॉक्स पाठव. नसले तर राहू दे. काही घाई नाही.

तुझी,
धाकटी


सोमवार, ९ तारीख

ताई,

घाई आहे.

आणि सगळं सांगून झालंय असं लिहिलं ते खोटं होतं. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू! मी डॉक्टरांना तुझ्याबद्दल एक शब्द बोललेले नाही.

कसं झालं ते सांगते. छोटी खोली, भिंतीवर कापलेल्या हृदयाचं चित्र, भिंगरी माझ्या मांडीवर, शेजारी सासूबाई. डॉक्टर फॉर्म भरत होते. कुटुंबात कुणाला जन्मापासून हृदयाचा त्रास? ठोके कमी पडणं, चक्कर येणं, अचानक जाणं? मी म्हटलं, वडील एक्केचाळिसाव्या वर्षी कामावर बसल्याबसल्या गेले, अटॅक होता. त्यांनी पेन थांबवलं, माझ्याकडे पाहिलं. "आणखी कुणाला?"

मी म्हटलं, "नाही."

अडखळले असते तरी त्यांना संशय आला असता. पण अशी काही फाडकन म्हणाले की माझं मलाच खरं वाटलं. तुला आठवतंच असेल, पाढे यायच्या आधी मला ते वाक्य येत होतं. आई दारात उभं करून घोकून घ्यायची. कुणी विचारलं तर काय सांगायचं? ताईच्या अंगावर उकळतं पाणी सांडलं. कधी? मी बाळ असताना. भोक, ऑपरेशन हे शब्द घराबाहेर काढायचे नाहीत, ताईचं लग्न व्हायचंय. झाकली मूठ सव्वा लाखाची! मी तेव्हा पाच वर्षांची होते गं. मला लग्न म्हणजे काय हे माहीत नव्हतं आणि त्याच्यासाठी मी खोटं बोलत होते.

आता पस्तिशीची आहे, आणि डॉक्टरांच्या समोर बसून पोटच्या पोरीच्या बाबतीत तेच बोलून आले. तोंडाला सवय लागली की डोकं मध्ये पडतच नाही. बाहेर आल्यावर औषधाच्या दुकानासमोरच्या रांगेतून निघून मी पायरीवर बसले. सासूबाई म्हणाल्या, "काय गं, ऊन लागलं का?" मी हो म्हटलं. आणखी एक खोटं.

तूच सांग, आता कोणत्या तोंडाने सांगू? लग्नाच्या वेळी मी यांनाही तुझं पाणीच सांडलेलं सांगितलंय. नवऱ्याला, सासूला, सगळ्यांना. आता म्हणतील, खोट हिच्या माहेरची, आणि आमच्यापासून लपवली.

कागद पाठव ना ताई. कागद हातात असले तर मी बोलेन.

धाकटी


शनिवार, १४ तारीख

ताई,

रोज पोस्टमनच्या वेळेला मी दुकानाच्या दारात. मालकीणबाई म्हणाल्या, कुणावर डोळा आहे का तुझा, तो तर साठीचा आहे! हसून घेतलं. काल एका गिऱ्हाइकाच्या पँटची एकच बाजू दोनदा आखूड केली. पंधरा वर्षं कपडे वाढव-कमी करायचं काम करतेय, असं कधी झालं नव्हतं.

गुरुवारी पुन्हा बोलावलं होतं. भिंगरीच्या छातीला तारा चिकटवून ईसीजीची पट्टी काढली. डॉक्टर ती पट्टी बराच वेळ बघत होते. मग त्यांनी समजावलं. हृदयात वरच्या कप्प्यातून खालच्या कप्प्याला विजेचा निरोप जातो, मग खालचा ठोका देतो. भिंगरीचा निरोप उशिरा पोचतोय. काही घराण्यांत म्हणे भोक आणि हे, दोन्ही जोडीने येतात. तसं असेल तर नळी आत असताना ठोके एकदम मंदावू शकतात, थांबूही शकतात. "आधी माहीत असलं की आम्ही तयारीत असतो," म्हणाले. "म्हणून परत विचारतोय. नक्की कुणी नाही ना?"

सासूबाई पिशवीत बिस्किटांचा पुडा शोधत होत्या. भिंगरी माझ्या बांगडीशी खेळत होती. आणि मी विचारलं, "डॉक्टर, त्या दिवशी उपाशीपोटी किती वाजता आणायचं?"

थू माझ्या जिनगानीवर.

तेव्हापासून मला तो जिना दिसतोय. तू एकोणीस वर्षांची, कॉलेजातून येत होतीस आणि वरून चौथ्या पायरीवर दोरी कापल्यासारखी खाली आलीस. आई तुला घेऊन गेली ती तीन दिवसांनी आली, आणि मावशीकडे गेलो होतो म्हणाली. मावशीचं तर त्याच आठवड्यात आपल्याकडे पत्र आलं होतं, बरेच दिवसांत भेट नाही म्हणून. मी काही विचारलं नाही. तिथे काय झालं ताई? काय सांगितलं डॉक्टरांनी? मशीन बसवलं का तुला? आई गेली, बाबा गेले. हे या जगात फक्त तुला माहीत आहे.

त्या दुसऱ्या गोष्टीबद्दलही लिहिते म्हणजे तुझ्या मनात राहायला नको. तुझ्या होणाऱ्या नणंदेला मी मुद्दाम नव्हतं सांगितलं. तोंडातून निसटलं. मी लहान होते.

उत्तर दे. शिव्या दे, पण दे.

धाकटी


मंगळवार, १७ तारीख

ताई,

चोवीस वर्षांची घोडी लहान नसते. आणि निसटलं वगैरे काही नाही.

आज सगळं लिहून टाकते, मग तू काय करायचं ते कर. तुझी होणारी नणंद मापं द्यायला आली होती. तुझे लग्नाचे कपडे टेबलावर पडलेले, गळा थेट हनुवटीपर्यंत बंद. मीच शिवलेले. तुझ्या बंद गळ्यांवरच तर मी शिवण शिकले. ती म्हणाली, इतका उन्हाळा, एवढा बंद गळा कशाला? माझ्या तोंडात वाक्य तयार होतं. उकळतं पाणी. वीस वर्षं बिनचूक म्हटलेलं. मी टेप गळ्यात अडकवली आणि म्हटलं, "छाती उघडून ऑपरेशन झालंय तिचं, हृदयाचं. तुम्हाला सांगितलं नाही का?" डोळ्यांत डोळे घालून सांगितलं मी.

कारण मला तुझं काहीतरी मोडायला हवं होतं. हेच आहे कारण, दुसरं मला सापडत नाही. लहानपणापासून ताई दमली, ताईला उचलायला लावू नका, ताईला रडवू नका. मला ताप आला तरी आई आधी तुझी नाडी बघायची. आणि आता तू थाटात निघणार आणि मी आईजवळ टाचण्या मोजत बसणार. जळले मी. लग्न मोडलं तेव्हा एक दिवस, खरं सांगते, एक अख्खा दिवस मला बरं वाटलं होतं. दुसऱ्या दिवशी तू बॅग भरून गेलीस आणि मग कधीच बरं वाटलं नाही.

जिथे तोंड बंद ठेवायचं तिथे उघडलं आणि जिथे उघडायचं तिथे शिवून बसले. असली मी!

तर आज मी दुपारच्या सुट्टीत एकटी हॉस्पिटलमध्ये गेले. डॉक्टर कॉरिडॉरमध्ये सँडविच खात होते, तिथेच गाठलं आणि भडाभडा सांगितलं. मला वाटलं, ओरडतील. ते नुसते म्हणाले, "बरं झालं सांगितलंत. आता पुढचं सांगा. एकोणिसाव्या वर्षी काय निघालं?" मला माहीत नाही म्हटलं. तर म्हणाले, ते कळल्याशिवाय २४ ला मी हात लावणार नाही. आणि फार लांबवताही येणार नाही, हृदयाची उजवी बाजू आत्ताच फुगलेली आहे.

मग घरी सांगितलं. नवरा बस चालवतो, रागावला की समोर बघत बसतो. शेवटी म्हणाला, "मला सांगायचंस. डॉक्टरला नाही सांगितलंस यापेक्षा मला नाही सांगितलंस, याचं जास्त वाईट वाटतंय." आणि सासूबाई! मी मान खाली घालून बसलेली, आता तोफ सुटणार म्हणून. तर त्या म्हणाल्या, "माझे दोन सख्खे भाऊ जन्मापासून बहिरे. लग्नाच्या बैठकीत त्यांना 'मितभाषी' म्हणून बसवलं होतं." आणि उठून चहा टाकला. मला हसावं की रडावं कळेना, दोन्ही केलं.

म्हणजे आता भीती कुणाची उरली नाही. फक्त भिंगरीच्या जिवाची उरलीय. आज सकाळी दात घासताना भिंगरीने बेसिनला दोन्ही हातांनी धरलं आणि म्हणाली, "आई, भिंत हलतेय."

मला माफ करू नकोस. त्याच्याशी हिचा संबंध नाही. हिने तुझं काहीच बिघडवलेलं नाही.

धाकटी


शुक्रवार, २० तारीख

धाकटे,

चारही पत्रं मिळाली. पहिली दोन मी न उघडता कपाटात टाकली होती. तिसरं तू शाळेच्या पत्त्यावर टाकलंस, मुख्याध्यापिकांसमोर हातात पडलं म्हणून उघडावं लागलं.

लग्न तुझ्यामुळेच मोडलं. ते मी विसरलेले नाही आणि विसरल्याचं नाटकही करणार नाही.

आता कामाचं. एकोणिसाव्या वर्षी ठोके मध्येच गळतात असं निघालं होतं. पेसमेकर बसवा म्हणाले होते. आईने विचारलं, त्याचा वण कुठे येईल. ते म्हणाले, डावीकडे, गळ्याच्या हाडाखाली. आई म्हणाली, लग्नानंतर बघू. घरी आणलं. नंतर लग्नच नव्हतं, मग मीही बघितलं नाही. बसवलेला नाही.

दोन्ही वेळच्या फाइली माझ्याकडे आहेत. पोस्टाने पाठवणार नाही, पोस्टावर माझा विश्वास नाही. सोमवारी सकाळी स्वतः आणून डॉक्टरांच्या हातात देईन. हॉस्पिटलचं नाव तू चारही पत्रांत कुठेच लिहिलेलं नाहीस. शाळेच्या फोनवर कळव. पुस्तकवाली म्हणून नको.

तुझ्याकडे उतरणार नाही. मला घ्यायला येऊ नये.

— ताई


गुरुवार, २६ तारीख

ताई,

तू तीन मजले खाली आहेस आणि मी पत्र लिहितेय, वेडीच म्हणशील. पण समोरासमोर आपण तीन दिवसांत मिळून वीस वाक्यं बोललो असू, त्यातली दहा लिफ्टबद्दल. मला लिहिल्याशिवाय जमत नाही आणि स्वस्थ बसवत तर मुळीच नाही. भिंगरी बाजूच्या खाटेवर झोपलीय. मांडीला एवढीशी पट्टी, बाकी अंगावर ओरखडासुद्धा नाही.

परवाचं मी तुला नीट सांगितलंच नाही, तू लगेच तुझ्या भानगडीत अडकलीस. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, चकती बसवताना ठोके चाळिसावर आले होते. पण त्यांनी फाइल वाचून आधीच दुसरी एक तार आत ठेवली होती, गरज पडली तर बाहेरून ठोके द्यायला. एक मिनिट दिले. मग तिचे तिने घेतले. चकती घट्ट बसली, भोक बंद. "माहीत होतं म्हणून घाबरलो नाही," म्हणाले. माहीत नसतं तर, हे मी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून ढसाढसा रडले. तू बाहेर बाकावर ताठ बसली होतीस, फाइल मांडीवर, परीक्षेला सुपरव्हिजनला बसल्यासारखी.

आणि मग डॉक्टर तुझ्याकडे वळले. आलाच आहात तर तुमचीही ईसीजीची पट्टी काढू. तू म्हणालीस, मी पेशंट म्हणून आलेले नाही. ते म्हणाले, पाच मिनिटं. सिस्टरने पट्टी पाहिली, तुझ्याकडे पाहिलं, पुन्हा पट्टी पाहिली आणि विचारलं, "तुम्ही इथपर्यंत चालत आलात?"

"जिन्याने," तू म्हणालीस. "लिफ्टला गर्दी होती."

एकतीस ठोके, ताई! एकतीस! आणि तू वर्गात उभं राहून दिवसभर गणित शिकवतेस. वर म्हणतेस, मला वाटायचं सगळ्यांनाच असं दमायला होतं. तुझ्यावर ओरडावंसं वाटलं मला. आईवर त्याहून जास्त. ती नाही, म्हणून सगळा राग गिळावा लागतोय, आणि तो उतरत नाही. तिने तुला जपलं असं मला आयुष्यभर वाटत होतं. तुझी नाडी बघायची म्हणून मी जळत होते. आता कळतंय, नाडी बघून ती घाबरायची आणि गप्प बसायची.

काल संध्याकाळी डॉक्टर विचारायला आले. पेसमेकरचा वण दिसायला नको असेल तर थोडा खाली, बाजूला घेऊन करता येतं, पण मग जरा जास्त चिरावं लागतं. काय करू? मी पलंगाच्या पायाशी उभी होते. तू जराही विचार केला नाहीस. "सोपं असेल तिथे करा," म्हणालीस. "दिसू दे."

आज सकाळी आत नेताना तू मला जवळ बोलावलंस. मला वाटलं, आता काहीतरी गोड बोलणार. तू म्हणालीस, "मी माफ केलेलं नाही, हे लक्षात ठेव." मी म्हटलं, "माहीत आहे." मग तू म्हणालीस, "पोरीपाशी बस. इथे उभी राहून काय करणार आहेस!" आणि गेलीस.

म्हणून वर बसलेय. पण तुला हे माहीत नाही की सिस्टरने तुझा फॉर्म नंतर मला दाखवला. नंबर नीट लागतोय का बघून घ्या म्हणाली, काही झालं तर यावरच फोन करणार. नातेवाईक या रकान्यात तू माझा नंबर लिहिलाय. मी विचारलं, कशात बघून लिहिला? तिचा फोन तर माझ्याकडे पिशवीत आहे. सिस्टर म्हणाली, "कशातच नाही. घडाघडा लिहिला."

अकरा वर्षांत एकदाही लावला नाहीस गं. आणि पाठ आहे तुला.

फोन मांडीवर ठेवलाय. आवाज पूर्ण मोठा केलाय. दोनदा उगाचच उघडून बघितला, तिसऱ्यांदा बॅटरी बघितली. मघाशी कंपनीचा जाहिरातीचा फोन आला, त्या मुलीला मी काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही.

लवकर बाहेर ये.

धाकटी

ता. क. वाजला. झालं म्हणाले. अर्ध्या तासाने भेटू देतील. तुझे ठोके साठ आहेत. माझे कुणी मोजले नाहीत, पण बरेच असावेत.